पाचशे पानं, तीन रात्री

मला विचारलेला प्रश्न असा: 'ड्यून' ही विज्ञान कादंबरी वाचली, तिच्यावरची २००० सालची तीन भागांची मालिका पाहिली, मग नवे दोन सिनेमेही पाहिले. मालिकेत राजकन्या इरुलान जिथेतिथे दिसते, पुस्तकात तर ती प्रत्यक्ष येते शेवटी. 'फाउंडेशन'च्या मालिकेत पुस्तक शोधावं लागतं. मूळ एवढं गाजलेलं असताना ही मंडळी त्याला हात का लावतात? आणि एखादी जुनी विज्ञान कादंबरी तीन-चार भागांत बसवायची झाली तर सुरुवात कुठून करायची?

मी टीव्हीसाठी लिहायला लागलो त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यातली बरीचशी डेली सोपमध्ये गेली, हे आधीच सांगून टाकतो. विज्ञानकथांची रूपांतरं तीन केली, त्यातलं एकच पडद्यापर्यंत पोचलं. तेव्हा खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं स्वतःच्या फजितीतून आलेलं आहे.

हात का लावतात ते आधी. जुन्या विज्ञान कादंबऱ्यांत बरेचदा माणूस नायक नसतोच. नायक असतो काळ, नाहीतर एखादी कल्पना. आयझॅक असिमोव्हच्या 'फाउंडेशन'मधल्या बहुतेक कथा १९४२ पासून एका मासिकात सुट्या सुट्या आल्या आणि १९५१ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. एका कथेतून दुसरीत जाताना कधी तीस, कधी पन्नास वर्षं उलटतात. आत्ता ज्याच्या डोक्याने आपण विचार करत होतो तो माणूस पुढच्या कथेत इतिहासातलं एक नाव झालेला असतो. वाचताना हे खटकत नाही, उलट तीच मजा असते. पण टीव्हीसमोर दुसऱ्या रात्री माणूस परत येऊन बसतो तो साम्राज्याच्या ऱ्हासाचं पुढे काय झालं म्हणून नाही. काल ज्याला आपण अडचणीत सोडून झोपलो, त्याचं काय झालं म्हणून.

म्हणून रूपांतर करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एक खुंटी शोधावी लागते. हा माझा शब्द आहे, धंद्यातला नाही. सगळ्या रात्री जी जागेवर असेल आणि जिच्यावर बाकीचं सगळं टांगता येईल अशी एक व्यक्ती. पुस्तकात ती असेल तर देव पावला. नसेल तर तुम्ही ती बनवणार, आणि पुस्तकावर प्रेम करणारे लोक तुम्हाला शिव्या घालणार. इरुलान ही खुंटीच आहे, तिच्याकडे येतोच.

'फाउंडेशन'ची २०२१ पासूनची मालिका ही मिनीमालिका नाही, ती लांबच लांब चाललेली आहे. पण तिथली खुंटी मला फार आवडते. सम्राट क्लीऑनच्या प्रतिकृती, एका वेळी तीन वयांच्या: पहाट, दिवस, सांज. शंभर वर्षं उलटली तरी सिंहासनावर तोच चेहरा, तोच नट. हे असिमोव्हच्या पुस्तकात नाही. पण साचलेलं, स्वतःचीच नक्कल करत बसलेलं साम्राज्य ही कल्पना पुस्तकाच्या पोटातलीच आहे. काळाच्या उड्या तशाच ठेवून चेहरा टिकवला. असं एखाद्यालाच सुचतं. मला सुचलं नसतं.

आता खुंटी ठोकूनही काम कसं फसतं ते बघा. रे ब्रॅडबरींचं 'द मार्शियन क्रॉनिकल्स' १९५० चं. कादंबरी म्हणतात, पण खरं तर मंगळावरच्या सुट्या कथा एका दोऱ्यात ओवलेल्या, मूळ आवृत्तीत १९९९ ते २०२६ अशा सालांच्या. कुठे मत्सरी मंगळवासी नवरा, कुठे मोहिमेवरच्या माणसांना वेड्यांच्या इस्पितळात टाकतात, एका कथेत तर माणूसच नाही, नुसतं आपोआप चालणारं रिकामं घर. अमेरिकेत एनबीसीने याची तीन भागांची मालिका केली, जानेवारी १९८० मध्ये दाखवली. पटकथा रिचर्ड मॅथेसनची, म्हणजे स्वतः पक्का विज्ञानकथाकार. दिग्दर्शन मायकेल अँडरसनचं. लांझारोते आणि माल्टामध्ये चित्रीकरण. रॉक हडसन नायक. कागदावर कुठे खोट काढायला जागा नाही.

मॅथेसनने खुंटी कुठली निवडली? कॅप्टन वाइल्डर. पुस्तकात हा माणूस चौथ्या मोहिमेचा कप्तान म्हणून येतो, नंतर बऱ्याच वर्षांनी एकदा परत भेटतो. मालिकेत तो कर्नल झाला आणि सगळीकडे हजर राहिला. दुसऱ्या पात्रांचे प्रसंगही त्याच्या नावावर केले. निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. मीही तोच निवडला असता. पण मालिका बघताना जांभया येतात. खुद्द ब्रॅडबरींनी ती दाखवायच्या आधीच तिला जाहीरपणे कंटाळवाणी म्हणून टाकलं होतं.

का येतात जांभया? माझं निदान असं आहे की या वाइल्डरला काही हवंच नाही. तो बघतो, हळहळतो, पुढे जातो. खुंटी भिंतीत ठोकलेली लागते, नुसती टेकवून ठेवली तर पहिल्या ओल्या सदऱ्याने खाली येते. पुस्तकात हळहळण्याचं काम ब्रॅडबरींची भाषा करते. मालिकेने ते काम एका देखण्या, दुःखी माणसाच्या चेहऱ्याला दिलं आणि तीन रात्री त्या चेहऱ्याकडे बघायला लावलं. त्याला मंगळाकडून स्वतःसाठी काहीतरी हवं असतं, अगदी क्षुद्र का होईना, तर गोष्ट वेगळी झाली असती.

उलट बाजूची चूक बघायची असेल तर आर्थर क्लार्कच्या 'चाइल्डहूड्स एंड'वरची २०१५ ची सायफाय वाहिनीची तीन भागांची मालिका बघा. कादंबरी १९५३ ची. परग्रहावरचे ओव्हरलॉर्ड येतात, जगात शांतता आणतात, पण चेहरा दाखवत नाहीत. त्यांचा प्रमुख कॅरेलन म्हणतो, पन्नास वर्षांनी दाखवू. म्हणजे आमच्याशिवायचं जग आठवणारी माणसं कमी झाल्यावर. पन्नास वर्षांनी तो बाहेर येतो तेव्हा कळतं, शिंगं, पंख, शेपूट, हुबेहूब सैतान. आणि तोवर लोक इतके सरावलेले असतात की हाहाकार होत नाही. कल्पनेचा सगळा जीव त्या पन्नास वर्षांत आहे.

मालिकेत पन्नासाची पंधरा झाली. कारण उघड आहे: पहिल्या भागात जो नट प्रेक्षकांनी जवळ केला, तो पुढे जिवंत आणि ओळखीचा राहिला पाहिजे. पुस्तकातला स्टॉर्मग्रेन हा संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस, पिकलेला मुत्सद्दी. मालिकेत तो मिझुरीतला तरुण शेतकरी झाला, त्याला एक वारलेली बायको, एक होणारी बायको, आणि त्या दोघींमध्ये अडकलेलं मन. खुंटी यावेळी भक्कम ठोकली, त्याला काहीतरी हवंही आहे. पण त्याला जे हवंय त्याचा कादंबरीतल्या प्रश्नाशी संबंधच नाही. मानवजात संपत चालली आहे आणि आपण हॉटेलच्या खोलीतल्या आठवणी बघतोय.

मला जास्त वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पुस्तकात सरचिटणीस कॅरेलनला भेटायला जातो ती एक साधी खोली आहे. एक खुर्ची, एक टेबल आणि टीव्हीसारखा एक कोरा पडदा. पडद्याआडून फक्त आवाज. हा म्हातारा त्या आवाजाशी वर्षानुवर्षं बोलतो, जवळजवळ मैत्री होते, आणि शेवटच्या भेटीत त्याला मोह होतो की एकदा पलीकडे बघावं. सोबत लपवून नेलेल्या उपकरणाने तो बघतोही. हे टीव्हीसाठीच लिहिल्यासारखं आहे! दोन माणसं, एक खोली, एक दडलेली गोष्ट. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेतली मुलं हे दोन ठोकळे आणि एका काळ्या कापडावर उभं करतील. आणि मालिकेकडे तर कॅरेलनच्या आवाजासाठी चार्ल्स डान्स होता. त्या आवाजासमोर तितकाच मुरलेला नट बसवायला हवा होता.

कादंबरी वाचताना हे असे प्रसंग आधी हेरायचे. विज्ञान कादंबरी म्हटली की निर्माता पहिल्या मीटिंगला विचारतो, 'व्हीएफएक्सचं बजेट किती जाईल?' तुम्ही उत्तर द्यायच्या आधी खोलीतले सीन मोजून ठेवा. चांगल्या जुन्या कादंबऱ्यांत ते अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघतात.

दुसरी अडचण, जी मला खुंटीपेक्षा अवघड वाटते: माहिती. हे जग कसं चालतं, इथली हवा कसली, हे यंत्र काय करतं. कादंबरीकार दोन पानं निवांत सांगतो. पटकथेत ही दोन पानं कुणाच्या तरी तोंडी द्यावी लागतात.

माझं जे एक रूपांतर पडद्यावर आलं, त्यात मी एका शास्त्रज्ञाला फळ्यासमोर उभं करून दीड पानाचं भाषण दिलं होतं. समोर त्याचा सहकारी. नट रंगभूमीवर मुरलेले, वयाने वडिलांच्या जागी. शूटच्या सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं, कागद पुढे केला आणि विचारलं, ''बाळा, हे मी कुणाला सांगतोय?'' म्हटलं, काका, तुमच्या सहकाऱ्याला. ''त्याला माहीत नाही?'' मी गप्प. सहकारी दहा वर्षं त्याच प्रयोगशाळेत होता. त्याला कळायचं असं त्यात काहीच नव्हतं. त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, ''मग त्याला नको. ज्याला कळल्यावर झोप लागणार नाही, त्याला सांगू दे.'' आम्ही त्याच सेटवर, लाइट लागत असताना, सहकाऱ्याच्या जागी प्रयोगशाळेचा रात्रीचा पहारेकरी आणला. भाषण दीड पानावरून सहा ओळींवर आलं. पहारेकऱ्याने एकच प्रश्न विचारला: ''मग साहेब, मी उद्यापासून यायचं का नाही?''

तो प्रश्न अजून माझ्या टेबलासमोर कागदावर लिहून लावलेला आहे. ज्याला झोप लागणार नाही, त्याला सांगा.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे बीबीसीची १९८१ ची 'द डे ऑफ द ट्रिफिड्स', अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा भाग. जॉन विंडमची कादंबरी १९५१ ची. सुरुवातच अशी की नायक इस्पितळात, डोळ्यांवर पट्ट्या, आणि त्याला जाणवतं की आज बुधवार असूनही बाहेर रविवारसारखी शांतता आहे. रहदारी नाही, नर्सची पावलं नाहीत. काल रात्री आकाशातली हिरवी आतषबाजी ज्यांनी ज्यांनी पाहिली ते सगळे आंधळे झालेत, हे आपल्याला त्याच्या कानांनी हळूहळू कळतं. पुढच्याच प्रकरणात विंडम मागे जाऊन ट्रिफिड नावाच्या चालत्या, विषारी झाडांचा सगळा इतिहास सांगतो. पुस्तकात चालतं. टीव्हीवर पहिल्या दहा मिनिटांत इतिहास? मालिकेने काय केलं, त्या पट्ट्या बांधलेल्या माणसाच्या हातात टेपरेकॉर्डर दिला. तो पडल्या पडल्या झाडांबद्दल बोलत राहतो. त्याला दिसत नाही, वेळ जात नाही, ती झाडं हा त्याचा व्यवसाय आणि त्यांच्यामुळेच तो इस्पितळात आलाय. म्हणजे माहितीही आली, माणूसही कळला, आणि खोलीत सेट म्हणून एक पलंग. बाहेर शांतता चालूच.

व्हॉइसओव्हर वाईट असं पटकथेच्या वर्गात सरसकट शिकवतात. मला ते पटत नाही. बोलणाऱ्याला त्या क्षणी बोलायचं कारण असलं की तो कुणाला खटकत नाही.

आता 'ड्यून'. फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ ची. आधी ती 'अ‍ॅनालॉग' मासिकात दोन लेखमालांमध्ये हप्त्याहप्त्याने आली, आणि बऱ्याच नामांकित प्रकाशकांनी नाकारल्यावर गाड्यांच्या दुरुस्तीची मॅन्युअलं छापणाऱ्या चिल्टनने काढली. रूपांतर करणाऱ्याची खरी डोकेदुखी तिथल्या वाळवंटाची किंवा महाकाय अळ्यांची नाही. हर्बर्ट एकाच प्रसंगात चार जणांच्या डोक्यात शिरतो. बोललेलं एक वाक्य, मनातली तीन. डेव्हिड लिंचने १९८४ च्या सिनेमात ही मनातली वाक्यं नटांकडून कुजबुजत म्हणून घेतली. तेव्हाही लोक हसले, आजही हसतात. सुरुवातीला इरुलानचा चेहरा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर आणून तिच्याकडून सगळी पार्श्वकथा वदवून घेतली, आणि नंतर ती जवळजवळ गायब. नाटकात सूत्रधार नांदी म्हणून निघून जातो तसं. सव्वादोन तासांत एवढं पुस्तक म्हटल्यावर दुसरं काय करणार, हेही खरं.

जॉन हॅरिसनच्या, म्हणजे २००० सालच्या त्या मालिकेला जवळपास दुप्पट वेळ होता. लेखक-दिग्दर्शक तोच. बजेट सुमारे २ कोटी डॉलर, लिंचच्या सिनेमाच्या निम्मं, तेही सोळा वर्षांनंतर. त्याने इरुलानचं काय केलं ते नीट बघा. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तिच्या लिखाणातला उतारा असतो. म्हणजे पाचशे पानं वाचक या बाईचा आवाज ऐकत असतो, फक्त ती दिसत नाही. दिसते ती अखेरीस, लग्नाचा सौदा होतो तेव्हा. हॅरिसनने त्या आवाजाला शरीर दिलं. तिला पहिल्याच भागात मेजवानीला आणलं, नायक पॉलशी भेट घडवली, मग बापाच्या, म्हणजे सम्राटाच्या कारस्थानाचा माग काढायला लावलं. पॉलच्या घराण्याचे वैरी हार्कोनेन, त्यांच्यातल्या फेयड-राउथाला भेटायला ती जाते, तो प्रसंग पुस्तकात लेडी फेनरिंगचा आहे. दोन पात्रांची एक केली, एका नटीचं मानधन वाचलं, आणि प्रेक्षकाला सम्राटाच्या महालात एक ओळखीचा चेहरा मिळाला. तुम्हाला ती जिकडेतिकडे दिसते म्हणून तक्रार आहे. मला विचाराल तर पुस्तकात ती याहून जास्त ठिकाणी आहे, फक्त तिरप्या अक्षरांत.

त्याच मालिकेतली ती मेजवानी मुद्दाम थांबून सांगण्यासारखी आहे. पुस्तकात ती अशी: अराकीनच्या वाड्यात पॉलचा बाप ड्यूक लेटो गावातल्या बड्या लोकांना जेवायला बोलावतो. पाण्याचा थेंब न थेंब मोजणारा ग्रह. तिथली जुनी रीत अशी की पाहुण्यांनी हात धुवायचे, थोडं पाणी मुद्दाम जमिनीवर सांडायचं, पंचे ओले करून टाकायचे, आणि त्या पंच्यांतलं पिळून काढलेलं पाणी दारातल्या गरिबांना विकायचं. लेटो ही रीत बंद करतो. टेबलावर पाणीवाला व्यापारी आहे, बँकेचा माणूस आहे, चोरट्या मालाचा धनी आहे, ग्रहाचा अभ्यासक काइन्स आहे. लेटोने रीत मोडली की कुणाचं काय बुडणार हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसतं. पॉल, जेमतेम पंधरा वर्षांचा, बँकवाल्याला बुडणाऱ्या माणसाबद्दल एक वाक्य ऐकवतो आणि टेबल गप्प होतं. ग्रहाचं अर्थकारण, राजकारण आणि मुलाची तयारी, सगळं एका जेवणात. मराठवाड्यात टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभं राहिलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

लिंचच्या सिनेमात ही मेजवानी नाही. २०२१ च्या सिनेमातही नाही. दोघांनाही वेळ नव्हता, आणि लढाया, वाळू, अळ्या यांच्यासमोर जेवणाचं टेबल सिनेमात मागे पडतंच. मालिकेत ते टेबल टिकलं. तीन रात्रींची मालिका करायची ती अशा टेबलांसाठी. नाहीतर सिनेमाच करावा, तो दिसतो जास्त चांगला.

दिसण्याबद्दल बोललो तर बोलूनच टाकू, कारण ही मालिका जुनाट दिसते अशी तक्रार नेहमी येते. ती प्रागमध्ये स्टुडिओच्या आत उभी केली. वाळवंट म्हणजे मागे ताणलेले प्रचंड मोठे रंगीत पडदे. छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारो, तीन ऑस्करवाला. त्याने खरं वाळवंट असल्याचा आवच आणला नाही. हार्कोनेन आले की लाल, कॅमेरा तिरका, सगळं उघडउघड नाटकी. मला ते आवडतं, पण मी कोल्हापूरचा आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी आधी नाटकांचे पडदे रंगवले आणि मग सिनेमे काढले, तिथल्या माणसाला रंगवलेल्या आभाळाचं वावडं नसतं. २००१ मध्ये छायालेखन आणि व्हिज्युअल इफेक्ट्स या दोन्हींसाठी मालिकेला एमी हे टीव्हीचे पुरस्कार मिळाले. तरीही अळ्या आज बघवत नाहीत, हे मान्य. त्या काळातले कॉम्प्युटरवरचे इफेक्ट लवकर शिळे झाले, रंगवलेले पडदे नाही झाले. बजेट कमी असेल तर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

भाग कुठे तोडायचे? इथे जुन्या कादंबऱ्या मदत करतात, कारण त्यातल्या कित्येक मासिकांत हप्त्याहप्त्याने आलेल्या आहेत. एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९७ मध्ये 'पिअर्सन्स' मासिकात आली, पुस्तक पुढच्या वर्षी. 'चाइल्डहूड्स एंड'चा पहिला भाग म्हणजे क्लार्कची १९५० ची 'गार्डियन एंजल' ही स्वतंत्र कथा. तिला स्वतःचा शेवट होता, म्हणून पुस्तकातही तिथे एक नैसर्गिक सांधा राहिला. मालिकेनेही पहिली रात्र कॅरेलनचं रूप दाखवूनच संपवली. 'ड्यून'चेही पुस्तकातच तीन खंड आहेत. लेखकाने स्वतः दम कुठे घेतलाय ते आधी शोधा. त्याच्या सांध्यावर तोडलं की जखम दिसत नाही. हॅरिसननेच पुढे लिहिलेली २००३ ची 'चिल्ड्रन ऑफ ड्यून' तर दोन कादंबऱ्यांची आहे: पहिल्या रात्री 'ड्यून मसाया' अख्खी संपवली आणि उरलेल्या दोन रात्री दुसऱ्या कादंबरीला दिल्या. मसाया छोटं, एकसंध कटकारस्थानाचं पुस्तक आहे, एका रात्रीत मावतं. माझ्या मते ही मालिका पहिलीपेक्षा सरस आहे.

शिळं झालेलं विज्ञान ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. ब्रॅडबरींच्या मंगळावर माणूस श्वास घेतो. मालिका आली तेव्हा व्हायकिंग यानांनी पाठवलेले मंगळाचे फोटो लोकांनी पाहून चार वर्षं होत आली होती. दोन वाटा आहेत. एक तर काळ तसाच ठेवा, बीबीसीने २०१९ मध्ये 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' मोटारगाड्या नुकत्या आलेल्या इंग्लंडमध्ये ठेवली तसा. नाहीतर आजच्या भीतीला जोडा, २००९ च्या नव्या 'ट्रिफिड्स'मध्ये ती झाडं खनिज तेलाला पर्याय म्हणून जगभर लावलेली दाखवली तशी. मधली वाट काढू नका. मी काढली होती, १९७० चं दशक आणि मोबाइल दोन्ही. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

हक्कांबद्दल कुणी विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो. वेल्स १९४६ ला गेले, म्हणजे इथे २००७ पासून मोकळे. ऑर्वेल १९५० ला गेले, इथे मोकळे. पण त्यांची '१९८४' ही कादंबरी अमेरिकेत २०४४ अखेरपर्यंत बांधलेली आहे, आणि ओटीटीला मालिका जगभर दाखवायची असते. जयंत नारळीकर २०२५ मध्ये गेले, त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवरचा हक्क २०८५ अखेरपर्यंत राहील. रीतसर परवानगी घ्या. आणि एक खड्डा ज्यात मी स्वतः पडलोय: मूळ लेखक मोकळा असला तरी अनुवाद मोकळा नसतो. माझ्या पिढीने ज्यूल व्हर्न वाचला तो भा. रा. भागवतांच्या मराठीत. व्हर्न जाऊन शंभरावर वर्षं झाली, पण भागवतांची वाक्यं भागवतांची आहेत. लहानपणी वाचलेल्या एका अनुवादातला (भागवतांचा नव्हे, दुसऱ्याच एका) संवाद माझ्या संहितेत जसाच्या तसा उतरला होता, मला पत्ताही नव्हता. वाहिनीच्या वकिलाने तो शोधून काढला. लाज वाटली.

आता सुरुवात कुठून करायची. पुस्तक एकदा वाचा आणि दोन महिने कपाटात ठेवा. मग न उघडता, आठवेल तेवढी गोष्ट दोन पानांत लिहा. जे आठवलं नाही ते बहुतेक लागणारच नाही. जे चुकीचं आठवलं त्यावर खूण करा. तिथे तुमच्या डोक्याने आधीच रूपांतर सुरू केलेलं असतं. त्यानंतर पुस्तक दोन रंगीत पेन्सिली घेऊन वाचा. जे दिसतं ते लाल, जे सांगितलंय ते निळं. 'ड्यून'ची माझी प्रत जवळपास सगळी निळी आहे, मेजवानीचं प्रकरण सोडून. मग निळ्या प्रत्येक तुकड्यासमोर एकच गोष्ट लिहायची: हे कळल्यावर कुणाची झोप उडेल? ज्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा येईल ती तुमची खुंटी, मग ती पुस्तकात चार पानांची का असेना. वनलाइन, म्हणजे सीनची एकेका ओळीतली यादी, त्यानंतर.

आणि मालिकेचा शेवटचा सीन सगळ्यात आधी लिहा. 'मार्शियन क्रॉनिकल्स'ला मी वर बरीच नावं ठेवली, म्हणून तिची एक जमेची बाजू सांगतो. पुस्तकाच्या शेवटी पृथ्वी युद्धात जळत असताना एक बाप बायको-मुलांना घेऊन मंगळावर येतो आणि मुलांना सांगतो, तुम्हाला मंगळवासी दाखवतो. कालव्याच्या पाण्यात वाकून बघायला लावतो. पाण्यात त्यांचीच तोंडं. पुस्तकात हा बाप आपल्याला पहिल्यांदाच भेटतो, आणि तरी ते जमतं, कारण ब्रॅडबरी. मालिकेत तो बाप आहे वाइल्डर. तीन रात्री जो नुसता बघत होता, हळहळत होता, तो मुलांना म्हणतो, बघा. नवीन मुलं माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा मी त्यांना ती सगळी मालिका बघायला लावत नाही, तेवढा दुष्ट नाही. शेवटची दहा मिनिटं लावतो, मग पुस्तकातली तीच पानं वाचायला देतो, आणि विचारतो की इथे बाप कोण हवा होता, नवखा की वाइल्डर. अजून एकाही बॅचचं एकमत झालेलं नाही.